पॅगोडा तर बौद्धांचा ना? मग नेपाळमधली हिंदू देवळं पॅगोडासारखी कशी?

तुमचा गोंधळ मलाही होता. आपल्याकडे पॅगोडा म्हटलं की मुंबईतल्या गोराईचा सोनेरी घुमट आठवतो. पण तो म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन स्तूपावरून घेतलेला आहे, म्हणजे जातीने स्तूपच. काठमांडूच्या खोऱ्यातल्या उतरत्या छपरांच्या देवळांशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. आणि ते नावही युरोपियनांनी चिकटवलेलं. पोर्तुगीज कागदपत्रांत गोव्यातल्या हिंदू देवळांनासुद्धा 'पागोद'च म्हटलंय. इतकंच काय, होनासारख्या सोन्याच्या नाण्यालाही इंग्रज पॅगोडा म्हणत! तेव्हा नावावरून धर्म ठरवायला जाऊ नका.

मी पशुपतिनाथाच्या यात्रेबरोबर भक्तपूरला गेलो होतो. काठमांडूपासून जेमतेम 12-13 किलोमीटर. तिथे तौमढी चौकात न्यातपोल मंदिर आहे. राजा भूपतींद्र मल्लाने 1702 च्या सुमारास बांधलेलं, पाच छपरांचं, जवळपास 30 मीटर उंच. मी वाटाड्याला भाबडेपणाने विचारलं, "पाचव्या मजल्यावर जाता येतं का?" तो हसला. वर मजलेच नाहीत! देवी सिद्धिलक्ष्मी खालीच, एका छोट्या चौकोनी गाभाऱ्यात. वरची चार छपरं म्हणजे आपल्या देवळाचं शिखर समजा, फक्त दगडाऐवजी लाकूड, वीट आणि कौलांत घडवलेलं. न्यातपोल या नेवारी (खोऱ्यातल्या नेवार लोकांच्या भाषेतल्या) नावाचा अर्थही पाच छपरांचं, असाच सांगतात.

आता बांधणी. मध्ये मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड विटांच्या भिंती, आणि ठरावीक उंचीवर त्यांत बसवलेल्या लाकडाच्या चौकटी. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर येतं, कारण पावसाचं पाणी भिंतीवर आलं तर माती धुपणार. पुढे आलेल्या त्या छपराचा भार तिरके लाकडी टेकू भिंतीवर उतरवतात. त्यांना नेपाळीत टुँडाल म्हणतात. न्यातपोलला ते 108 आहेत आणि त्यांच्यावर देवीची रूपं कोरली आहेत. म्हणजे जो टेकू, तीच मूर्ती. मला सगळ्यात आवडलं ते हे. लाकडांचे सांधे खुंट्या आणि पाचर मारून बसवतात. छपरावर छोटी कौलं, तीही मातीवर बसवलेली, त्यामुळे त्यांत गवत उगवतं आणि ते उपटत राहावं लागतं. अगदी वर गजुर, म्हणजे आपला कळस. पशुपतिनाथाच्या दोन छपरांवर कौलांऐवजी सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आहे.

न्यातपोलच्या पाच टप्प्यांच्या चौथऱ्यावर रखवालदारांच्या जोड्या आहेत. तळाला दोन पहिलवान, वर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), शेवटी दोन देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दहापट बलवान असं मानतात. मग आतल्या देवीचं बळ किती, ते तुम्हीच ठरवा. शेजारीच भैरवनाथाचं देऊळ आहे. कोपलेल्या भैरवाला आवरायला त्याच्याहून ताकदवान देवी इथे बसवली, अशी लोककथा आहे. न्यातपोलच्या गाभाऱ्यात फक्त पुजारी जातात.

इतिहासाबद्दल एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते: ही शैली नेपाळच्या अरनिको नावाच्या कारागिराने चीनला नेली. अरनिको खरा. 13 व्या शतकात तो चीनचा मंगोल सम्राट कुबलाई खान याच्या दरबारी गेला. पण बीजिंगमध्ये त्याने उभारला तो पांढरा स्तूप. चीनमधले अनेक मजली मनोरे त्याच्या कित्येक शतकं आधीचे आहेत. त्यामुळे हा दावा मला पटत नाही. उतरत्या छपरांची लाकडी देवळं हिमालयात इतरत्रही आहेत. मनालीला गेला असाल तर हिडिंबेचं देऊळ आठवा, 1553 चं, देवदाराच्या जंगलातलं. काठमांडूच्या खोऱ्यात देवळांची परंपरा बरीच जुनी आहे. भक्तपूरजवळच्या चांगुनारायणाच्या देवळात मानदेव राजाचा इ.स. 464 चा शिलालेख आहे. पण लाकूड जळतं, कुजतं, भूकंपात पडतं, म्हणून आज दिसणारी बरीचशी देवळं मल्ल राजांच्या काळातली किंवा नंतर दुरुस्त केलेली आहेत.

भूकंपावरून आठवलं. "पॅगोडा भूकंपात पडत नाही" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. 25 एप्रिल 2015 ला काठमांडूच्या दरबार चौकातली याच शैलीची माजू देगा आणि त्रैलोक्यमोहन ही देवळं कोसळली. न्यातपोल मात्र उभं राहिलं, वरच्या भागाला थोडी इजा झाली तेवढीच. 1934 च्या मोठ्या भूकंपातही वरचं छप्पर गेलं, बाकीचं टिकलं. रुंद टप्प्यांचा चौथरा, चौरस नकाशा आणि वर जाताना कमी होत जाणारं वजन, हे मला त्यामागचं कारण वाटतं. भक्तपूरचे लोक अर्थातच देवीचं नाव घेतात.

भक्तपूरला जाणार असाल तर एप्रिलच्या मध्यात जा. तेव्हा बिस्का जात्रा असते आणि भैरवाचा लाकडी रथ तौमढी चौकातून ओढतात. न्यातपोलच्या पायऱ्या मात्र भलत्याच चढ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच टुँडाल बघा. तेही खालूनच नीट दिसतात.