२३ रुपये ६० पैशांचं कोडं

प्रश्न : ताई, कोल्हापूरहून परत येताना हायवेच्या पंपावर २००० रुपयांचं पेट्रोल भरलं आणि क्रेडिट कार्ड दिलं. पंपावरचा पोरगा 'इथं रेंज नाही' म्हणत कार्ड केबिनमध्ये घेऊन गेला. तिथूनच ओरडून त्यानं पिन विचारला, मीही गाडीतूनच ओरडून सांगितला. आता बिलात २००० च्या खाली २३ रुपये ६० पैसे वेगळे लागलेत. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हाला चुना लावला. तक्रार कुठे करू?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, हे पैसे कुणी चोरलेले नाहीत. क्रेडिट कार्डानं इंधन भरलं की १ टक्का सरचार्ज (जादा आकार) लागतो, म्हणजे २० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३ रुपये ६० पैसे. झाला हिशेब. पुष्कळ कार्डांवर यातले २० रुपये नंतर परत जमा होतात, जीएसटी सहसा होत नाही. माफी किती रकमेच्या पेट्रोलवर, ते तुमच्या कार्डाच्या अटींत पाहा.

मला घोर लागला तो पिनचा. तुम्ही तो अख्ख्या पंपाला ऐकवलात! कार्ड केबिनमध्ये होतं तेवढ्या वेळात दोन्ही बाजूंचा फोटो निघू शकतो. परदेशी वेबसाइटवर खरेदी करताना बऱ्याचदा ओटीपी लागतच नाही; नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की काम भागतं. तसं झालंच असेल असं नाही, पण तुमच्या जागी मी असते तर बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक केलं असतं आणि नवं मागवलं असतं. नंबरच बदलतो. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद ठेवा, ती सोय ॲपमध्ये असते.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत एक मेख आहे. चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही. पण पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून अनोळखी व्यवहाराचा मेसेज आला तर सकाळची वाट पाहू नका. आधी बँक, मग १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन.

पुढच्या वेळी रेंज नसेल तर कार्डाबरोबर तुम्हीही केबिनपर्यंत जा. तेवढेच पाय मोकळे होतात. मशीनवरची रक्कम वाचा, पिन स्वतः दाबा. ५००० पर्यंत कार्ड नुसतं टेकवूनही पैसे जातात, तेव्हाही आकडा आधी बघायचा.

'गेलं नाही, परत स्वाइप करतो' म्हणाले, तर आधी मोबाइलवर मेसेज बघा. बँकेत ३१ वर्षं काढलेली मी, मीच यात फसले होते. दोनदा पैसे गेले. पावती डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेली, काढायला गेले तर काळी ठिक्कर! पैसे मिळाले, पण पुष्कळ फोनाफोनीनंतर. हल्ली पावती हातात आली की तिथेच फोटो काढते.

आणि सर, ते ३ रुपये ६० पैसे मागायला बँकेत जाऊ नका. काउंटरवर असताना असे हिशेब मी रोज ऐकलेत, त्यात निम्मे तरी शिक्षक असायचे.