आठवीतली मुलगी, इंग्रजी वाचन आणि कुलूपबंद कपाट

प्रश्न : माझी मुलगी चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. आता आठवीत आहे. प्रश्नोत्तरं पाठ करून मार्क मिळवते, पण न शिकवलेला उतारा समोर आला की अडते. स्पोकन इंग्लिशच्या क्लासला घालू का? हायस्कूलात लायब्ररी आहे, पण कपाटांना कुलूप असतं आणि त्या तासाला गणिताचा पोर्शन पुरा करतात. मराठी वाचन बंद करा, असंही एका टीचरनी सुचवलंय.
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, आधी शेवटचं. मराठी वाचन मुळीच बंद करू नका. गोष्टीचा धागा धरणं, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं हे मूल ज्या भाषेत शिकतं, त्यातून दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. ती शिदोरी काढून घेऊ नका.

गोव्यातल्या मराठी-कोकणी शाळांतून आलेल्या बहुतेक मुलांचं पाचवीत असंच होतं. इतिहास, विज्ञान, गणित सगळं एकदम इंग्रजीत. इंग्रजीतल्या साध्या गोष्टी वाचण्याआधीच धड्यांची जड भाषा गळ्यात येते, म्हणून मुलं पाठांतराचा आधार घेतात. मी हायस्कूलात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, लायब्ररीही सांभाळली. मुलांची क्रमिक पुस्तकं उघडली की प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले दिसायचे, कधी उच्चारही देवनागरीत. ते मूल वाक्य वाचतच नसतं, शब्दामागून शब्द उचलत असतं.

यावर क्लासचा उपयोग थोडाच. तिथे ठरावीक संवाद घोटून घेतील, आणि घोकंपट्टी तर तिला आधीच येते. तिला हवं आहे सोपं, भरपूर वाचन. आठवीतल्या मुलीने तिसरी-चौथीच्या पातळीचं पुस्तक वाचलं तर बिघडत नाही. भाषेचे अभ्यासक सांगतात, शंभरांतले 95 ते 98 शब्द ओळखीचे असले तरच वाचन सुरळीत चालतं. घरी तपासायची युक्ती : कुठलंही पान उघडून वाचू द्या, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पान संपायच्या आत मूठ मिटली तर ते पुस्तक आज ठेवून द्या, पुढच्या वर्षी काढा. वाचताना डिक्शनरी नको, पेन्सिलही नको. झाल्यावर गोष्ट तुम्हाला मराठीत सांगू दे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची पातळ, सचित्र पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी आणि इंग्रजी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, मोबाइलवर फुकट.

आता ते कुलूप. मला याचाच जास्त राग येतो. पुस्तकं हरवली तर आपल्या अंगावर येईल, ही शिक्षकांची भीती खरी असते, म्हणून तक्रारीच्या सुरात जाऊ नका. पालक-शिक्षक सभेत दोन-चार आया मिळून हेडमास्तरांना भेटा. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच : पुस्तकं वापरासाठी आहेत. निदान आठवीचा लायब्ररीचा तास गणिताला देऊ नका, एवढंच मागा. आम्ही सगळी कपाटं उघडली नव्हती. इंग्रजीची सोपी पुस्तकं एका बाकावर मांडायचो, मुलं हाताळून निवडायची, आणि नोंदवही वर्गातल्याच एका मुलीकडे असायची. काही पुस्तकं फाटली. फाटणारच, ती वाचली जात होती. चिकटपट्टी लावून पुन्हा बाकावर ठेवायची.

शाळेत जमेपर्यंत पणजीला जा. पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं, कदंबा बसस्टँडवरून चालत जाता येतं. मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मुलीच्या नावाने मेंबर होण्याची चौकशी करा. पुस्तक तिचं तिला निवडू द्या, मग ते कितीही पातळ असो. क्लासचं दिवाळीनंतर बघू.