एकट्याने जमलं नसतं का?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दूध संघांना रिकाम्या पिशव्या गोळा करायची एक सामाईक यंत्रणा उभारायची होती, आणि ऑफिसातल्या वरिष्ठांनी 'स्पर्धा कायद्यात अडकाल' एवढंच म्हणून फाईल बाजूला ठेवली. त्यावर तू लिहिलंस की कंपन्यांची आपसातली संगनमतं रोखणारा हा आपला कायदा नदीनाल्यांचा नाही, बाजाराचाच. तुझा राग मला आवडला, निष्कर्ष मात्र पटला नाही. पर्यावरण कायद्याकडे वळायचं असेल तर जरूर वळ, पण या गैरसमजामुळे नको.

जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या यंत्रणेने, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूहाला मिळून ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. मर्सिडीज बनवणारी डायम्लरही त्या संगनमतात होती, पण तिने आपणहून माहिती दिल्यामुळे दंडातून सुटली. इथे कुणी भाव ठरवले नव्हते, गिऱ्हाइकं वाटून घेतली नव्हती. डिझेल गाडीच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला युरिया आणि पाण्याचं मिश्रण धुरात फवारतात. त्याला ॲडब्लू म्हणतात. टाकी मोठी असेल तर जास्त फवारता येतं आणि धूर अधिक स्वच्छ होतो. २००९ ते २०१४ या काळात या कंपन्यांची माणसं तांत्रिक बैठकांना बसत, आणि टाकी केवढी ठेवायची, एकदा भरली की गाडी किती चालावी, हे आपसात जुळवून घेत. कायद्याने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा धूर आणखी स्वच्छ करण्याचं तंत्र त्यांच्या हाती होतं. त्या बाबतीत कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणजे लोकांच्या फुप्फुसांत जाणाऱ्या धुराबद्दल दंड करायला इथे स्पर्धा कायदाच पुढे आला.

याच प्रकरणातली एक गोष्ट लोक विसरतात. त्याच कंपन्यांनी ॲडब्लू भरायच्या तोंडाचा आकार एकसारखा ठेवायचं ठरवलं होतं, द्रावणाच्या दर्जाबद्दल चर्चा केली होती, मात्रा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा पाया मिळून बांधला होता. आयोगाने स्पष्ट कळवलं की या कशालाही हरकत नाही. एकत्र बसणं हा गुन्हा नव्हता. एकेकट्याला जे अधिक चांगलं करता आलं असतं ते न करण्याचा शब्द एकमेकांना देणं, हा गुन्हा होता.

म्हणून कुठलाही हिरवा करार समोर आला की मी आधी विचारते: हे एकट्याने जमलं नसतं का?

युरोपातल्या वॉशिंग मशीनवाल्यांचं प्रकरण आठव. पंचवीसएक वर्षांपूर्वी जवळजवळ सगळ्या उत्पादकांनी मिळून सर्वांत जास्त वीज खाणारी यंत्रं बनवणं आणि आयात करणं थांबवलं. स्वस्त यंत्रं बाजारातून गेली, म्हणजे स्पर्धा कमी झालीच. तरी आयोगाने परवानगी दिली. एकाच कंपनीने स्वस्त यंत्र बंद केलं असतं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं. शिवाय यंत्रामागे जास्त मोजलेले पैसे वीजबिलातून परत येत होते, आणि समाजाचा एकूण फायदा त्या वाढीव किमतीच्या सातपटीहून अधिक आहे असा हिशेब आयोगाने मांडला. भाव ठरवायला मात्र प्रत्येकजण मोकळा राहिला.

याच्या उलट गोष्ट नेदरलँड्सच्या कोंबडीची. सुपरमार्केट, कुक्कुटपालक आणि प्रक्रिया करणारे यांनी ठरवलं की फक्त जरा सावकाश वाढलेल्या, जास्त मोकळी जागा मिळालेल्या कोंबड्यांचं मांस विकायचं. तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१५ मध्ये नकार दिला. हिशेब असा की ग्राहक किलोमागे ८२ सेंट जास्त द्यायला तयार, आणि खर्च १ युरो ४६ सेंटनी वाढणार. त्या वेळी मी फार चिडले होते. कोंबडीचं सुख सेंटमध्ये मोजायचं? आजही ती मोजणी मला अपुरी वाटते. पण २०२० मध्ये त्याच प्राधिकरणाने पुन्हा पाहणी केली तेव्हा दुकानांत नेहमी मिळणारी कोंबडी त्या करारातल्या कोंबडीपेक्षाही चांगल्या परिस्थितीत वाढलेली आढळली. प्राणिप्रेमी संघटनांचा रेटा होता आणि दुकानं एकमेकांवर कुरघोडी करत होती, त्यातून हे घडलं. करार झाला असता तर बहुधा सगळे त्याच पायरीवर थांबले असते.

आपल्याकडे २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३(३) पुन्हा उघड. भाव आणि पुरवठ्याबरोबर 'तांत्रिक विकास' रोखण्याचाही तिथे स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे ॲडब्लूसारखं संगनमत इथेही बसतं. त्याच पोटकलमात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सूट आहे. कलम १९(३) मध्ये ग्राहकांना होणारा लाभ पाहायला सांगितलंय. 'पर्यावरण' हा शब्द त्या यादीत नाही. तो असायला हवा असं माझं ठाम मत आहे, पण तोवर लाभ आकड्यांत मांडायचं काम तुझं.

आता तुझी फाईल. महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशवीला सूट मिळाली ती परत घेण्याच्या अटीवर. गावोगावी पिशवी गोळा करणं एकट्या संघाला परवडणारं नाही, कारण टपरीवर आणि घरात सगळ्यांच्या पिशव्या मिसळलेल्या असतात. त्यामुळे माझ्या प्रश्नाला इथे सरळ उत्तर आहे. संकलन केंद्रं, पिशवीची जाडी, पुनर्वापर करणाऱ्याशी करार, हे मिळून ठरवू देत. दुधाचा दर, विक्रीचे लिटर, आणि गोळा करण्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून वसूल करायचा की नाही, हे विषय त्या खोलीत येता कामा नयेत. लिटरचे आकडे लागणारच, ते त्रयस्थ हिशेबनीसाकडे जावेत आणि संघांना फक्त बेरीज मिळावी.

हे बजावून सांगते कारण एका उत्पादक संघटनेच्या बैठकीत मी स्वतः बसले होते. तासभर सांडपाण्यावर उत्तम चर्चा झाली. चहा आला, आणि कुणीतरी म्हणालं, 'आता खर्च वाढणार, तर सगळेच एक तारखेपासून वाढवू या का?' मी तिथेच बैठक थांबवली आणि माझी हरकत इतिवृत्तात लिहून घेतली. युरोपात धुण्याच्या पावडरीचं असंच झालं. कमी पावडरीत तेवढेच कपडे धुवायचे, हा उपक्रम चांगला होता. तो राबवताना बड्या कंपन्यांनी खोकं लहान झालं तरी भाव उतरवायचा नाही असं ठरवलं. २०११ मध्ये दोघींना मिळून ३१.५२ कोटी युरो दंड झाला. माहिती देणारी तिसरी सुटली.

वरिष्ठांकडे फाईल परत मागायला जाशील तेव्हा दोन पानांचं टिपण सोबत ने: एकट्याने का जमत नाही, लाभ कुणाला आणि किती, बैठकीत काय बोलायचं नाही. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका पक्की करण्याआधी मला पाठव. रविवारी सकाळी मी घरीच आहे.

तुझी,
मॅडम