झ्युरिकला राहून शनिवार-रविवारी स्कीइंग आणि युरोपची भटकंती, दोन्ही जमतं का?

तुम्ही विचारलंय की नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांसाठी झ्युरिकला येताय, मुलगी सहा वर्षांची आहे, घरात कुणीच आजवर बर्फ पाहिलेला नाही. मग सुट्टीचे दिवस स्कीइंग शिकण्यात घालवावेत की पॅरिस, रोम, प्राग पाहून घ्यावं, आणि खर्च किती येईल?

दोन्ही जमतं, पण एकाच मोसमात दोन्ही करायला जाऊ नका. मी इथे बरीच वर्षं राहते आहे आणि नव्याने आलेल्या घरांना कळकळीने एवढंच सांगते की डिसेंबर उजाडला की मार्च संपेपर्यंतचे शनिवार-रविवार डोंगराला द्या आणि बाकीचं वर्ष शहरांना. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. हिवाळ्यात स्वस्त विमानतिकिटं दिसतात म्हणून पावसात भिजत युरोपातली राजधानीची शहरं उरकतात, आणि डोंगर "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राहून जातो. दोन वर्षांत हिवाळे दोनच येतात.

डोंगराचा एवढा आग्रह का, ते सांगते. झ्युरिक आल्प्समध्ये नाही, आल्प्सच्या अलीकडे आहे. आल्प्स आणि जुरा या दोन रांगांमधल्या सखल पट्ट्यात हिवाळ्यात थंड, जड हवा साचून राहते आणि तिच्या वरच्या अंगाला धुक्याचा थर बसतो. कधी कधी दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही आणि डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो. नोकरी करणाऱ्याला निदान ऑफिस असतं. घरी राहणाऱ्या जोडीदाराचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. भाषा येत नाही, ओळखीपाळखी नाहीत, मूल शाळेत, आणि खिडकीबाहेर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोच राखाडी रंग. पुण्या-मुंबईच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. आणि नेमक्या त्याच दिवशी हजार-बाराशे मीटरच्या वर कडक ऊन पडलेलं असतं! गोंडोला, म्हणजे दोरावरून डोंगरावर नेणारा पाळणा, धुक्यातून वर निघतो तेव्हा खाली ढगांचा समुद्र पसरलेला दिसतो. पावसाळ्याच्या शेवटी कळसूबाईवर पहाटे पोचलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. म्हणून मी स्कीइंगला चैन मानत नाही. इथला हिवाळा मन शाबूत ठेवून काढायचा तो खात्रीचा मार्ग आहे, आणि तुमच्या प्रश्नावरून घरी तुम्हीच असणार असं दिसतंय, म्हणून तुम्हाला तो जास्त लागेल.

सुरुवात मोठ्या नावांपासून करू नका. त्सेरमाट, सेंट मॉरिट्झ ही नावं आपल्याकडे माहीत असतात, पण शिकणाऱ्याला त्या लांबलचक उतारांचा काहीच उपयोग नाही आणि लिफ्टचा पास महाग. झ्युरिकहून रेल्वेने वालेन सरोवराच्या काठी उंटरटेर्झेनला उतरा; स्टेशनाजवळूनच गोंडोला सुटतो आणि थेट फ्लुमझरबर्गला नेतो. गाडी लागत नाही, हिवाळी टायर लागत नाहीत, घाटात वाहतुकीत अडकणं नाही. एंगेलबर्गला गेलात तर टिटलिसच्या शिखरापर्यंत जायची गरज नाही, वाटेत साधारण 1800 मीटरवर ट्रुबझे हा टप्पा आहे, तिथे नवशिक्यांसाठी सोपी जागा आहे. यातलं एक ठिकाण निवडा आणि पहिला हिवाळा तिथेच जात राहा. दर वेळी नवा डोंगर म्हणजे दर वेळी नवं दुकान, नवा नकाशा, नवे शिक्षक. ओळखीच्या उतारावर पाय लवकर सुटतात.

आणि शिकायचं ते शिक्षकाकडूनच. मित्र दोन तासांत शिकवतो म्हणाला तरी नको. मित्र स्वतः कसा वळतो ते दाखवतो. शिक्षक तुम्ही का पडलात ते सांगतो. पहिल्या दिवशी सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर जायचं आणि स्कींची टोकं आत वळवून, इंग्रजी व्ही उलटा धरल्यासारखा आकार करून, हळू खाली यायचं. मुलांना हाच आकार इथे "पिझ्झा" म्हणून शिकवतात आणि दोन्ही स्की समांतर ठेवल्या की "पॉम्स", म्हणजे फ्रेंच फ्राइज. सहाव्या वर्षी तुमची मुलगी हे खेळता खेळता उचलेल. स्विस स्की शाळांत लहान मुलांसाठी स्नोली नावाचा ससा असतो आणि पुढे निळ्या, लाल, काळ्या गटांतल्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला बिल्ला मिळतो. वर्गातली मुलं सोमवारी शाळेत हेच बोलत असतात. तिची पहिली जर्मन वाक्यं कदाचित उतारावरच फुटतील.

सामान भाड्याने घ्या. बूट घट्टच हवेत. आत एकच पातळ लांब मोजा, दोन नाहीत. दुकानात वजन आणि अनुभव खरा सांगा, लाजू नका. स्की बुटाला धरून ठेवणारी कळ त्या आकड्यांवरून बसवतात आणि पडल्यावर ती वेळेवर सुटली नाही तर गुडघा पिळवटतो. कपड्यांत सुती बनियन अजिबात नको, घामाने ओला झाला की अंग गारठतं. लोकरी किंवा सिंथेटिक थर, हेल्मेट, गॉगल आणि सनस्क्रीन. बर्फावरून परावर्तित झालेलं ऊन हनुवटीखालूनही भाजतं, हे आपल्या सावळ्या कातडीलाही लागू आहे.

आता विमा, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये आठवड्याला किमान 8 तास एका मालकाकडे नोकरी करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघाताचं संरक्षणही नोकरीतूनच मिळतं. स्कीइंगमध्ये पाय मोडला तरी ते लागू होतं. नवऱ्याची सोय झाली. तुमची आणि मुलीची होत नाही. आल्यापासून तीन महिन्यांत आरोग्य विमा घ्यावा लागतो. त्या फॉर्ममध्ये अपघाताचा भाग वगळला की हप्ता थोडा कमी दिसतो. नवऱ्याच्या फॉर्ममध्ये वगळला तर चालेल, तुम्हा दोघींच्या फॉर्ममध्ये तो घ्यायलाच हवा. हेलिकॉप्टरने बचाव करणाऱ्या रेगा संस्थेचा क्रमांक 1414 फोनमध्ये ठेवा आणि तिला दरवर्षी छोटी देणगी द्या. 1952 पासून हे लोक डोंगरातून माणसं उचलून आणताहेत.

खांब लावून आखलेल्या आणि खुल्या असलेल्या उताराबाहेर पाऊल टाकू नका. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. आखलेल्या उतारांची हिमस्खलनापासून काळजी तिथले लोक घेतात. दोरीपलीकडे ती जबाबदारी कुणाचीच नाही. डावोसची एसएलएफ संस्था हिवाळ्यात संध्याकाळी 5 आणि सकाळी 8 वाजता हिमस्खलनाचा इशारा देते. पातळ्या पाच आहेत. तिसरी ऐकायला मधली वाटते, पण सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीच्या दिवशीच जातात. उतारावर पुढे असणाऱ्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने सांभाळायचं. थांबायचं ते कडेला.

घरात कुणाला स्कीइंग नकोच असेल तर? तरीही डोंगरावर जा. हिवाळी पायवाटांना गुलाबी पाट्या असतात, त्या साध्या बुटांनीही चालता येतात. ग्राउब्युंडन प्रांतात प्रेडा ते बेर्ग्युन असा अल्बुला घाटाचा रस्ता हिवाळ्यात वाहनांना बंद करून स्लेजसाठी देतात. सहा किलोमीटर घसरत खाली यायचं आणि लाल रेल्वेत बसून परत वर. सासू-सासरे आले असतील तर ते डब्यात बसून बोगदे आणि पूल पाहतील. या रेल्वेमार्गाला 2008 पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे.

तीच रेल्वे पुढे बर्निना घाटावरून इटलीत उतरते, आणि माझ्या मते युरोप पाहायची सुरुवात इथूनच करावी. 2253 मीटरवर गोठलेलं सरोवर आणि त्यानंतर दोन तासांच्या आत 429 मीटरवरचं तिरानो गाव. तिथे पिझोकेरी खा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा, चीज. शाकाहारी माणसाचं पोट भरतं. (कडक शाकाहारी असाल तर ध्यानात घ्या, ग्रुयेर आणि पार्मेझानसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं.) डोंगरातल्या उपाहारगृहात "एल्प्लरमाग्रोनेन" मागवताना बेकनशिवाय हवं म्हणून सांगा, मॅकरोनी, बटाटा, चीज आणि बाजूला सफरचंदाचा गोड लगदा. आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतोच. डबा उघडून बसायला बऱ्याच ठिकाणी वेगळी खोली असते.

शहरांसाठी ईस्टरचे चार दिवस आणि मे महिन्यातली आउफार्टची (येशूच्या स्वर्गारोहणाची) गुरुवारची सुट्टी धरा, शुक्रवारी रजा टाकली की मोठी सलग सुट्टी मिळते. मिलान रेल्वेने साडेतीन तासांच्या आत, गोट्टहार्डच्या 57 किलोमीटरच्या बोगद्यातून. पॅरिस चार तासांच्या आसपास, म्युनिक साडेतीन. व्हिएन्नाला रात्रीची गाडी आहे. नाताळआधीचे बाजार पाहायला कोल्मार आणि स्ट्रासबुर्ग, डिसेंबरात एवढाच अपवाद, तोही डोंगरावर हवा खराब असेल असा एखादा शनिवार पकडून. स्विस परमिट (तिथे राहण्याचा परवाना) आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही जवळ ठेवले की शेंगेन देशांत 180 दिवसांतले 90 दिवस वेगळा व्हिसा लागत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडला लागतो. परमिटची मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण करा, मग तिकीट काढा. आणि एका सुट्टीत एकच शहर. मुलीला तीन चर्चपेक्षा एक बाग जास्त आठवेल.

डोंगरावर जायचं की नाही हे गुरुवारी-शुक्रवारी हवामान पाहून ठरवा. दक्षिणेकडून येणारा फ्योन हा उबदार वारा सुटला की लिफ्ट बंद पडतात. सकाळी निघण्यापूर्वी वेबकॅम बघावाच. पासचे दरही बऱ्याच ठिकाणी दिवसानुसार बदलतात.

खर्चाचं म्हणाल तर मध्यम आकाराच्या ठिकाणी मोठ्या माणसाचा दिवसाचा पास साधारण 60 ते 80 फ्रँक पडतो. नवशिक्याला पूर्ण पासची गरज नसते, सरकत्या पट्ट्याचं वेगळं स्वस्त तिकीट आहे का ते विचारा. रेल्वेचं अर्ध्या भाड्याचं वर्षाचं कार्ड दोघांनी पहिल्याच आठवड्यात काढा, दोनशे फ्रँकच्या आत मिळतं. मुलीचं ज्युनियर कार्ड 30 फ्रँकमध्ये, मग ती आईबाबांबरोबर वर्षभर फुकट फिरते. तिच्या स्की आणि बूट पूर्ण मोसमासाठी ऑक्टोबरातच भाड्याने घ्या, नंतर मापं संपतात. शरदात ठिकठिकाणी जुन्या सामानाचा स्कीबाजार भरतो, तिथे जॅकेट आणि विजारी निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. झ्युरिकच्या शाळांना फेब्रुवारीत दोन आठवडे सुट्टी असते. त्यातला एक आठवडा तिच्यासाठी स्की शाळेत नोव्हेंबरातच नोंदवून ठेवा आणि त्याच आठवड्यात सकाळच्या वर्गाला तुम्हीही नाव घाला.