पोहण्याची फी भरा, पण आत्ता दोनच महिन्यांची

जुळे सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. पगार 38,000, पत्नीच्या घरगुती शिकवण्यांचे 9,000. घराचा हप्ता 13,200. मुलगी चौथीत, ऑगस्टमध्ये दहा वर्षांची होईल. गेल्या उन्हाळ्यात ती पोहायला शिकली आणि आता एका खासगी तलावावरचे प्रशिक्षक तिला उन्हाळी स्पर्धा टीममध्ये घ्यायला तयार आहेत. एप्रिल-मेचे 14,500 रुपये: प्रशिक्षण 9,000, किट 3,500, स्पर्धा शुल्क 2,000. मात्र 10 एप्रिलच्या आत वर्षभराचे भरले तर प्रशिक्षण 38,000 रुपयांत, नाहीतर महिन्याला 4,500. त्यासाठी पोस्टातली आरडी (दरमहा हप्ता भरायची आवर्ती ठेव) मोडावी असा त्यांचा विचार आहे. पत्नीचं म्हणणं, तेच पैसे सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत घालावेत. न्यू जर्सीतला भाऊ सांगतो की त्याची मुलं दर उन्हाळ्यात टीममध्ये पोहतात, पोरीला घालच. शेवटी त्यांनी लिहिलं आहे, "मला पोहता येत नाही. तिला पाण्यात बघितलं की छाती भरून येते. पैशामुळे तिचं थांबायला नको."

दादा, मुलीला टीममध्ये घाला. पण एप्रिल-मेसाठीच. वर्षाचे 38,000 आत्ता भरू नका आणि आरडीला हात लावू नका. वहिनी म्हणतात ते सुकन्याचं खातंही उघडा, फक्त त्यात मोठी रक्कम घालायची घाई नको. आता एकेक गोष्ट बघू.

आरडी मोडायचं म्हणता, पण ती मोडताच येणार नाही. पोस्टाची पाच वर्षांची आरडी तीन वर्षं पूर्ण झाल्यावरच मुदतीआधी बंद करता येते. तुमचे 26 हप्ते झालेत. तीन वर्षांनंतर मोडली तरी हातात बचत खात्याच्या दराने व्याज पडतं, म्हणजे 6.7 टक्क्यांऐवजी 4 टक्के. बारा हप्त्यांनंतर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं हे खरं. तुमच्या 52,000 वर 26,000 पर्यंत मिळेल, आरडीच्या दरापेक्षा 2 टक्के जास्त व्याजाने. घरात दवाखाना निघाला तर ही सोय उपयोगी पडेल. सवलतीची तारीख गाठायला ती वापरणं मला पटत नाही.

म्हणजे 38,000 येणार कुठून? बचत खात्यातल्या 40,000 मधून. मग खात्यात उरतात 2,000, आणि जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रिक्षाचे पैसे एकदम समोर उभे राहतात. तुमच्या घराचा महिन्याचा खर्च 41,000 च्या आसपास आहे. 40,000 ही शिल्लक तशीही एका महिन्याला पुरत नाही. ती अशी जवळपास रिकामी करायला मी कुठल्याच कारणासाठी सांगणार नाही, मग ते कारण कितीही चांगलं असलं तरी.

सवलतीचा हिशोब असा आहे. 38,000 ला 4,500 ने भागा. साडेआठ महिने येतात. मुलगी साडेआठ महिन्यांपेक्षा जास्त नियमित गेली तरच वार्षिक भरणं फायद्याचं. तिच्या वर्षात काय काय आहे बघा: सहामाही, दिवाळी, वार्षिक परीक्षा, पावसाळ्यातली सर्दी-खोकल्याची सुट्टी, डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं गार पाणी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्यात उतरायला कुठलंही पोर तयार असतं. जुलैत शाळा सुरू असताना पहाटे साडेपाचला कोण आपणहून उठतं, त्यावर पुढचं ठरतं. ती सहा महिने गेली आणि थांबली, तर महिन्याने भरलेले 27,000 होतील, वार्षिकवाल्याचे 38,000 गेलेलेच असतील.

आणि आपल्या गावाचा पाण्याचा प्रश्न पालकांनी हिशोबात धरलाच पाहिजे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात टंचाईची पहिली कुऱ्हाड पोहण्याच्या तलावांवर पडू शकते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी धरण किती खाली, उणे पातळीत, गेली होती ते तुम्हाला आठवत असेल. तलाव बोअरवर आहे की टँकरवर, गाळणी यंत्रणा चालू आहे का, आणि पाण्याअभावी तलाव बंद राहिला तर पैसे परत मिळणार की दिवस वाढवून मिळणार, हे विचारा. उत्तर पावतीवर लिहून घ्या. "बघू की, आपलंच आहे" हे उत्तर चालणार नाही.

14,500 चं पॅकेजही जसंच्या तसं घेऊ नका. प्रशिक्षणाचे 9,000 भरा, शक्य असेल तर दोन हप्त्यांत. किट बाहेरून घ्या. अंगाला नीट बसणारा साधा कॉस्च्युम, सिलिकॉनची टोपी आणि पाणी न शिरणारा गॉगल एवढं 1,800 पर्यंत होतं, किकबोर्ड, म्हणजे हातात धरून पाय मारायचा सराव करायची फळी, बहुतेक तलावांवर असतोच. टॉवेल सोलापुरात विकत घ्यायचा प्रश्न तुमच्या घरी तरी येणार नाही. पॅकेजमधल्या रेसिंग सूटची तर नऊ वर्षांच्या मुलीला काहीच गरज नाही. अमेरिकेतल्या यूएसए स्विमिंग या संघटनेने 2020 पासून आपल्या स्पर्धांमध्ये 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना असे खास रेसिंग सूट घालायला मनाईच केली आहे. या वयात वेळ कमी होते ती श्वास, पाय आणि वळण सुधारल्यामुळे. स्पर्धेचे 2,000 आगाऊ कशाला? ज्या स्पर्धेत ती उतरेल, तिची प्रवेश फी त्या वेळी भरा.

पावतीवर न दिसणारा खर्चही आहे. घरापासून तलाव सहा किलोमीटर म्हणता. ती पोहत असताना तुम्ही तिथेच थांबलात तर दोन महिन्यांत, रविवार वगळून, दीड हजाराचं पेट्रोल. घरी येऊन पुन्हा आणायला गेलात तर दुप्पट. पोहून आल्यावर पोरांना कडकडून भूक लागते, भाकरी-भाजीवर एक केळं, एक अंडं, पेलाभर दूध वाढतं. दिवसाला 40 रुपये धरले तरी 2,100. एकूण 14,400. कान दुखणं, डोळे लाल होणं यासाठी डॉक्टरकडे एखादी फेरी होते, आणि आरोग्य विम्यात असा रुग्णालयात दाखल न होता घेतलेला उपचार सहसा बसत नाही. हजार रुपये त्यासाठी मनात धरा.

हे उभे कसे करायचे? दरमहा खात्यात शिल्लक राहणारे 2,000, असे दोन महिन्यांचे 4,000. म्युच्युअल फंडातली तुमची दरमहाची एसआयपी दोन महिने थांबवा, तिचे 4,000. एरवी एसआयपी बंद करायला मी विरोध करतो, पण दोन हप्त्यांनी तुमचं लांबचं गणित बिघडत नाही. थांबवण्याची विनंती हप्त्याच्या तारखेआधी पुरेसे दिवस ठेवून द्या आणि जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली का ते तपासा. राहिलेले 6,400 बचतीतून घ्या आणि दिवाळीचा बोनस आला की सगळ्यात आधी तेवढे परत भरा. आरडीचा हप्ता मात्र चुकवू नका. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं.

आता भावाच्या सल्ल्याबद्दल. त्यांचं चुकत नाही, पण त्यांची उन्हाळी टीम वेगळी असते. तिथल्या समर लीग म्हणजे बहुतेक वस्तीतल्या तलावाच्या टीम. जूनच्या आसपास सुरू होतात, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला संपतात. आठवड्याला शेजारच्या टीमशी शर्यती, घड्याळ धरायला आणि मुलांना रांगेत उभं करायला आईवडीलच. वर्षभर पोहणाऱ्या मुलांचे क्लब निराळे. म्हणजे हंगाम संपला की तिथल्या बहुतेक घरांचा खर्चही संपतो. तुमच्यासमोर जे ठेवलंय ते उन्हाळ्याच्या दारातून वर्षभराच्या प्रशिक्षणात नेणारं आहे. दोन्हीला टीमच म्हणतात, पण खर्चाचं ओझं सारखं नाही.

स्पर्धेबद्दलही आधीच माहिती असलेली बरी, कारण पालकांचा पैसा आणि धीर दोन्ही तिथे सुटतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलीची 50 मीटरची शर्यत मिनिटभराची. त्यासाठी पहाटेपासून दुपारपर्यंत तलावाकाठी उन्हात बसावं लागतं. छत्री, पाणी, शेंगाचटणी-पोळीचा डबा घरून न्या. पहिल्या स्पर्धेत बाद ठरणं अगदी नेहमीचं आहे. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, एक हात आधी लागला की गेली शर्यत. तिला रागावू नका. तिची मागची वेळ आणि आजची वेळ एवढंच वहीत लिहा. शालेय स्पर्धांत सर्वात लहान गट 14 वर्षांखालचा, म्हणजे दहा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलींबरोबर पोहते. पदकाची अपेक्षा इतक्यात धरणं तिच्यावर अन्याय होईल. या स्पर्धांचा प्रवेश शाळेमार्फत होतो, त्यासाठी कुठल्या क्लबचं वार्षिक सदस्यत्व लागत नाही.

पुण्याला बालेवाडीत स्पर्धा असली तर आदल्या दिवशी जावं लागेल. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोहोचेपर्यंत वॉर्मअप कधीच उरकलेला असतो. मुक्काम, जेवण, रिक्षा धरून तुम्हा दोघांचे 5 ते 6 हजार. या वर्षी अशी स्पर्धा टाळा, गावातल्या स्पर्धा पुरेशा आहेत.

प्रशिक्षकांनी तुम्हाला दहावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण सांगितलं. दोन्ही खरं आहे. पण मुलगी चौथीत आहे, नोकरीसाठी फार वरच्या पातळीवरची कामगिरी लागते आणि दहावीपर्यंत नियम बदलूही शकतात. त्या भरवशावर आजचे पैसे मोजू नका. तिला पाणी आवडतं, अंगात ताकद येते, जीव वाचवणारं कौशल्य हाती राहतं, एवढ्यासाठी 14,400 रुपये मला योग्य वाटतात.

वहिनींचा मुद्दा तुम्ही बाजूला ठेवलात, पण खरी तारीख त्यांच्याच मुद्द्यात आहे. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं. ऑगस्टमधला वाढदिवस गेला की तो मार्ग कायमचा बंद. 10 एप्रिलची सवलत पुढच्या वर्षीही कुणीतरी देईल, ही संधी नाही देणार. जन्मदाखला घेऊन पोस्टात किंवा बँकेत जा आणि 250 रुपयांनी खातं उघडून ठेवा. वर्षाला किमान 250 भरायचे, जास्तीत जास्त दीड लाख. सध्याचा दर 8.2 टक्के आहे. मात्र यातले पैसे लांबच्या मुदतीचे. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत काढता येतात, आणि खातं उघडल्यापासून 21 वर्षांनी पूर्ण होतं. पोहण्याच्या फीला ते कधीच कामी येणार नाहीत. म्हणून आत्ता 250, आणि बचत खात्यात निदान तीन महिन्यांचा खर्च साठल्यावर मोठी रक्कम.

पैसे भरण्याआधी एक सकाळ तलावावर जाऊन उभे राहा. मुलं पाण्यात असताना जीवरक्षक काठावर आहे का, की प्रशिक्षकच दोन्ही कामं करतात? एका प्रशिक्षकामागे किती मुलं? मुलींची कपडे बदलायची खोली वेगळी आहे का, तिथे बाई कर्मचारी आहेत का? पालकांना बसून बघू देतात का? वळवाच्या पावसात गडगडाट झाला तर मुलांना लगेच बाहेर काढतात का? बॅच सकाळी आठच्या आत संपते का? यात एक जरी उत्तर खटकलं तर दुसरा तलाव बघा. महापालिकेच्या मार्कंडेय जलतरण तलावावरही चौकशी करा, पण प्रश्न तिथेही हेच विचारायचे. जीवरक्षक नसलेल्या तलावावर फुकट शिकवत असले तरी मुलीला पाठवू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न, ही फी आयकरात 80सी च्या वजावटीत दाखवता येते का? नाही. तिथे शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाची ट्यूशन फी बसते, तीही जुन्या करपद्धतीत. खेळाच्या प्रशिक्षणाची बसत नाही.

जूनपासून तिची इच्छा असेल तर एकेका महिन्याचे 4,500 भरा, तेही त्या महिन्याच्या पगारात बसत असतील तरच, आणि कुठल्या महिन्यात किती दिवस गेली ते कॅलेंडरवर लिहीत जा. बोनस हातात आला की त्या नोंदी आणि बचत खात्यातली शिल्लक मला पाठवा. वार्षिक फीचा हिशोब तेव्हा पुन्हा मांडू.