गराडूवाल्याचा हात

रामबाग, इंदूर

बेटा,

मेसेज वाचला तुझा. कियारीची पेशंट, टॉन्सिल कवटीच्या तळातल्या भोकातून 7 मिलिमीटर खाली (घशातले नाही, लहान मेंदूचे, नातेवाइकांना हे आधी सांगत जा नाहीतर ते ईएनटीकडे पळतात) आणि तू लगेच विचारतेस सर ऑपरेशन कधी. अगं थांब जरा. हान्स कियारीने 1891 मध्ये हे लिहिलं ते पोस्टमॉर्टेममध्ये पाहून, आता डोकं दुखलं की एमआरआय, त्यामुळे टॉन्सिल 5 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली असलेले पण काहीच त्रास नसलेले लोक कितीतरी सापडतात, आणि सिरिंक्स (मज्जारज्जूत पाण्याची पोकळी) नसेल तर त्यातले बहुतेक वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांना फक्त बघत राहायचं.

तू तिला खोकायला लावलंस का? खोकला, शिंक, जोर केला की मानेच्या वर मागच्या बाजूला कळ येते आणि थोड्या वेळात जाते, ते दुखणं कियारीचं, आणि डीकंप्रेशननंतर, म्हणजे मागचं हाड काढून जागा केल्यावर, सगळ्यात छान बरं होतं तेच. अर्धं डोकं दिवसभर ठणकतं, उजेड नको वाटतो, ते मायग्रेन. त्यासाठी कवटी उघडलीस तर पेशंट तुला शिव्या घालेल आणि बरोबरच घालेल. आणि उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं असं म्हणाली तर पाठीत कुठेतरी मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी लीक होतंय का ते आधी शोध, त्यात पण टॉन्सिल खाली येतात.

आता माझी चूक सांगतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत थंडीत गराडूचा कंद तळणारा एक जण आला होता, बोटांवर जुने-नवे चटके. कढईला हात लागला हे त्याला कळायचं, गरम आहे हे कळायचं नाही. मानेत मोठा सिरिंक्स, अंगठ्याखालचं मांस गेलेलं. कवटीचं मागचं हाड काढलं, एटलसची, म्हणजे मानेच्या पहिल्या मणक्याची, कमान काढली, ड्युराला, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाला, पॅच लावला, आणि आदल्या रात्री मी त्याला काय म्हणालो होतो, तर सब ठीक हो जाएगा. सहा महिन्यांनी सिरिंक्स बारीक झालेला, खोकला आला तरी डोकं दुखत नाही, मी खूश. त्याने काही न बोलता तो हात टेबलावर ठेवला. तसाच होता. मांस भरलं नव्हतं, चटका कळत नव्हता. हात आणखी बिघडू नये म्हणून ऑपरेशन होतं हे मी त्याला सांगितलंच नव्हतं ना! पुढे कढईवर मुलगा बसला, हा गल्ल्यावर.

तर उद्या तिचा पूर्ण मणक्याचा एमआरआय बघ, सिरिंक्स आहे का. डोळे मिटवून गरम-थंड टेस्ट ट्यूबने दोन्ही हात तपास, नुसत्या कापसाने नाही. ऑपरेशन ठरलंच तर टाक्यांमधून तेच मेंदूभोवतीचं पाणी गळू शकतं, पुन्हा टाके घालावे लागू शकतात, हे सही घेताना नाही, आधीच बसून सांग. आणि रात्री फोन कर, पोहे खाताना नको, मला ऐकू येत नाही धड.

तुझे सर