देवघेवीच्या टेबलावरून

(रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त झालेल्या ग्रंथपाल काकू वाचकांच्या शंकांना या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : वडील गेल्यावर माळ्यावर पुस्तकांच्या ट्रंका सापडल्या. गावच्या वाचनालयाला द्यायला गेलो, तर ‘आधी यादी आणा, मग बघू’ म्हणाले. फुकट देतोय, तरी एवढा ताठा कशाला?
– एक वाचक, गुहागर

ताठा नाही हो, जागा नाही. आणि माणूसबळही नाही. वाचनालयात पुस्तक नुसतं कपाटात ठेवून भागत नाही. दाखल नोंदवहीत नंबर पडतो, आतल्या ठरावीक पानांवर शिक्के बसतात, विषय ठरतो, पाठीवर चिठ्ठी लागते, शेवटच्या पानावर तारखेची पट्टी डकवली जाते. एकदा दाखल क्रमांक पडला की ते संस्थेच्या मालकीचं झालं. पुढे हरवलं तर ग्रंथपालाला जाब द्यावा लागतो आणि बाद करायचं म्हटलं तर कमिटीचा ठराव लागतो. म्हणून घेतानाच आम्ही हात आखडता घेतो.

ट्रंकांत काय निघतं ते सांगते. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, मासिकांचे सुटे अंक, आणि ज्या कादंबऱ्यांच्या आमच्याकडे आधीच दोन-तीन प्रती आहेत त्याच पुन्हा. रहस्यकथाही असतात, बहुतेक वेळा शेवटचं पान गळालेल्या. त्या वाचकाला द्यायच्या म्हणजे शिव्या खायच्या.

पण तुम्ही माळ्यावरून सगळं खाली उतरवा आणि आधी वेगळंच काहीतरी शोधा. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, देवस्थानाच्या जीर्णोद्धाराचा अहवाल, नमनाच्या गाण्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची वार्षिक पत्रकं. हे बाजारात विकत मिळत नाही, आणि तुमच्या गावावर काम करणारा कुणी अभ्यासक आला तर नेमकं हेच मागतो. नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष अशी साधी यादी करा आणि या वस्तू सर्वांत वर लिहा. मग बघा ग्रंथपाल कशी खुर्ची पुढे करते.

एक विनंती आहे. ‘वडिलांच्या नावाचं स्वतंत्र कपाट हवं’ ही अट घालू नका. तशी कपाटं मी बरीच पाहिली आहेत. पहिल्या वर्षी हार, मग कुलूप, मग किल्ली सापडत नाही. पुस्तकं विषयवार विखुरली की वाचली जातात. आत नावाची चिठ्ठी असली की पुरे.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या छोट्या वाचनालयात दर पावसाळ्यात पुस्तकांवर पांढरी-हिरवी बुरशी येते. कपाटं घट्ट बंद ठेवतो, डांबरगोळ्या टाकतो, तरी तेच.
– एक कार्यकर्ता, हर्णै

घट्ट बंद ठेवता ना, तिथेच घोटाळा आहे. बुरशीचे कण हवेत कायम असतात. आर्द्रता साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली आणि हवा कोंडली की ते कागदावर, खळीवर, कापडी बांधणीवर फोफावतात. तुमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा याहून ओली, आणि लोखंडी कपाट ओल आलेल्या भिंतीला टेकवलेलं. डांबरगोळीने कसर लांब राहील, पण ओल काही ती शोषत नाही.

कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. खालचा कप्पा रिकामा ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका, एक बोट सहज आत जाईल इतकी सैल असू द्यात. प्लॅस्टिकची कव्हरं काढा, त्यांच्या आत ओल अडकते. उघडीप मिळाली की दारं उघडून पंखा लावा. हे सगळं मृग लागायच्या आत, गच्चीवरची वाळवणं आवरता तेव्हाच उरकायचं. पुस्तकं मात्र उन्हात घालू नका. पानं पिवळी पडतात, पुठ्ठे वाकतात. पडवीत सावलीला, वाऱ्यावर ठेवली की झालं.

बुरशी आलीच, तर ते पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि सुकू द्या. मग नाकाला मास्क बांधून, बाहेर अंगणात, मऊ कोरड्या ब्रशने कण्याकडून कडेकडे झटका. ओलं फडकं फिरवलंत तर बुरशी कागदात आणखी मुरेल.

पुराचं किंवा पागोळीचं पाणी लागलं तर जेमतेम दोन दिवस हातात असतात. पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उलगडायची, मधेमधे टीपकागद घालायचे, ते ओले झाले की बदलायचे. गुळगुळीत चकचकीत कागद आधी सोडवा, वाळला की पानांची वीट होते. संख्या मोठी आणि हात कमी असतील तर पुस्तकं पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवायची, म्हणजे बुरशी थांबते, आणि सवडीने थोडी थोडी बाहेर काढून वाळवायची. थंडाव्यात माल टिकतो हे हर्णैच्या बंदरावरच्या माणसाला मी काय सांगू! फक्त मासळीच्या फ्रीजरात नको, वास पुढची पिढी आली तरी जाणार नाही.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या पुरात पाणी शिरलं, २०२१ च्या जुलैतही शिरलं. १८६४ पासूनची संस्था ती. नदीकाठच्या वाचनालयांनी यातून एवढं तरी घ्यावं, की दुर्मीळ ग्रंथ आणि दाखल नोंदवही तळमजल्यावर ठेवायची नाही. पुस्तकं पुन्हा घेता येतात, पण नोंदवही गेली तर काय गेलं तेसुद्धा कळत नाही.

प्रश्न : मुलीला घेऊन वाचनालयात गेले. बालविभाग काचेच्या कपाटात, कुलूपबंद. ‘मुलं फाडतात’ म्हणाले. मग आणायचं तरी कशाला?
– एक आई, देवगड

तुमचं बरोबर आहे, आणि मी तुमच्या बाजूने भांडेन. फाडू देत की! फाटलेलं चिकटवता येतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं पहिलंच ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ हे आहे. कार्यवाहांना ते ऐकवा. त्यांनी ऐकलं नाही तर सर्वसाधारण सभेत बोला. वर्गणीदार आहात, तुम्हाला तो हक्क आहे.

सूचना नुसती करू नका, सोबत हातही द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तासभर गोष्ट वाचून दाखवायला दोन आया तयार असल्या की कुलूप आपोआप निघतं. मालवणीत सांगितलीत तर पोरं जास्त रमतात. मे महिना तर मुळीच दवडू नका. चाकरमान्यांची मुलं आलेली असतात, दुपारी उन्हात घरचे बाहेर सोडत नाहीत, आणि मोबाइलची रेंजही धड नसते. थोडी अनामत घेऊन महिनाभराचं सभासदत्व द्या. आमच्याकडे जून उजाडताच अनामत परत न्यायला आजोबा यायचे आणि जाता जाता स्वतःसाठी पुस्तक घेऊन जायचे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन फोटो काढून साजरा होतो, होऊ दे, पण वाचणारी मुलं मेमध्ये तयार होतात.

प्रश्न : मी नवाच कार्यवाह झालो आहे. अनुदानासाठी सर्वांत आधी काय बघू?
– एक कार्यवाह, राजापूर तालुका

रोजच्या नोंदी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, आणि अनुदान वर्गाप्रमाणे मिळतं. तपासणीला अधिकारी आले की दाखल नोंदवही, देवघेवीची नोंद, वर्गणीच्या पावत्या, सभांची इतिवृत्तं आणि ऑडिट मागतात. आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेली वर्षभराची हजेरी त्यांना लांबूनही ओळखता येते. पैसे उशिरा येतील हे धरूनच चाला आणि ग्रंथपालाचा पगार त्यावर अडवू नका. तो आधीच किती तुटपुंजा असतो हे तुम्ही पाहिलं असेलच.

प्रश्न : दिवाळी अंकांसाठी वेगळे पैसे का घेतात? वर्गणी भरतोच की!
– एक नाराज सभासद, लांजा

कारण सगळे अंक एकाच पंधरवड्यात विकत घ्यावे लागतात आणि ते आता स्वस्त राहिलेले नाहीत. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही गोडी लागली आहे, तिचा खर्च नेहमीच्या वर्गणीत बसत नाही. हिशेब करा, दोन अंकांच्या किमतीत तुम्ही फेब्रुवारीपर्यंत डझनावारी अंक वाचता. हवा तो अंक बाहेर असेल तर टेबलावर नाव नोंदवून ठेवा. आणि स्वतःकडचा वेळेत परत करा, मागे रांग असते. दरवर्षी अंक दडवून बसणारे कोण, हे प्रत्येक ग्रंथपालाला नावानिशी ठाऊक असतं.